दोन रुग्णयाद्या, एकच माणूस: रेकॉर्ड मॅचिंगमध्ये फील्ड कशी बसवायची?

पूर्णाकाठ | सोमवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. अकोल्याकडच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी आणि एक कुरकुरणारा प्रिंटर.

काम असं आहे. जुनी रुग्णयादी देवनागरीत टाइप केलेली. नवी यादी रोमनमध्ये, नोंदणीच्या खिडकीवर रांग लागलेली असताना भरलेली. दोन्ही मिळून ८०,००० च्या आसपास नोंदी. एकच पेशंट दोन्हीकडे असतो, कधी कधी नव्या यादीतच दोन-तीनदा असतो. कोण कोणाचा जोडीदार हे शोधून एक यादी करायची आहे.

सॉफ्टवेअर मिळालं आहे. त्यात प्रत्येक फील्डपुढे (म्हणजे रकान्यापुढे) तंतोतंत, फजी (साधारण सारखं), फोनेटिक (उच्चारावरून) असे पर्याय आणि खाली थ्रेशोल्डची पट्टी, म्हणजे किती जुळलं की जोडी धरायची तो आकडा, डीफॉल्ट ८५ (०.८५). तसंच चालवलं तर पाटील आणि पटेल गळ्यात गळे घालून येतात, आणि डब्ल्यूने लिहिलेला वाघ व्हीने लिहिलेल्या वाघाला ओळखत नाही. पट्टी वर नेली की खरे जोडीदार सुटतात, खाली आणली की अर्धं गाव एक माणूस होऊन राहिलं आहे.

कोणत्या फील्डला काय लावू? आणि आकडा किती ठेवू?

शंकासुर | सोमवार, दुपारी १२:०५

एवढं कशाला? एक्सेलमध्ये नाव लावून सॉर्ट करा, दोन पोरं बसवा, महिन्याभरात होईल. सॉफ्टवेअरवाले उगाच घाबरवतात.

डबल वेलांटी | सोमवार, रात्री ९:४०

शंकासुर, ८०,००० नोंदींची प्रत्येकाशी प्रत्येक अशी तुलना म्हणजे सुमारे ३२० कोटी जोड्या. सॉर्ट केल्यावर शेजारी येतात त्या तेवढ्या दोन पोरं बघतील. पण वाघ डब्ल्यूखाली आणि व्हीखाली असे दोन टोकांना जातात, ते कधी शेजारी यायचे?

पूर्णाकाठ, आकडा किती हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फजी म्हणजे आतून जॅरो-विंकलर हे साम्य मोजायचं सूत्र असतं. दोन शब्दांत किती अक्षरं जुळतात, ती क्रमाने आहेत का, आणि सुरुवातीची चारपर्यंत अक्षरं सारखी असतील तर वर थोडं बक्षीस. आता रोमन स्पेलिंगवर हिशोब करा:

शिंदे आणि शेंडे: ०.९१
पाटील आणि पटेल: ०.९१
जाधव, शेवटी व्ही आणि शेवटी ओ: ०.९३
वाघ, डब्ल्यूने आणि व्हीने: ०.८३
फडके, पीएचने आणि एफने: ०.८२

वरच्या दोन जोड्या वेगवेगळ्या आडनावांच्या, खालच्या तीन एकाच आडनावाच्या. अशी कोणती पट्टी आहे जी ०.९१ ला बाहेर ठेवेल आणि ०.८२ ला आत घेईल? नाहीच. पहिलं अक्षर बदललं की विंकलरचं बक्षीस बुडतं, आणि आपल्याकडे रोमनमध्ये घोळ नेमका पहिल्या अक्षरातच होतो.

फोनेटिकही तारणार नाही. साउंडेक्स ही त्यातली जुनी पद्धत, नावाला उच्चारावरून कोड देणारी; तिचं पेटंट १९१८ चं, ते अमेरिकेतल्या इंग्रजी कानाने बेतलेलं. पाटील आणि पटेल दोघांनाही ते पी-३४० देतं. वाघांपैकी एकाला डब्ल्यू-२००, दुसऱ्याला व्ही-२००. म्हणजे जिथे फरक हवा तिथे एक करतं आणि जिथे एक हवं तिथे फोडतं.

तेव्हा तुलनेच्या आधी प्रमाणीकरण करा. रोमनसाठी स्वतःचा तक्ता: डब्ल्यूचा व्ही, पीएचचा एफ, दोन ई म्हणजे एक आय, दोन ओ म्हणजे यू, दोन ए म्हणजे एक ए, शेवटचा एओ म्हणजे एव्ही. विदर्भात जाधव, भालेराव मंडळी शेवटी ओ लावतात, तुम्हाला हे सांगायला नको. ज्ञानेश्वरचे डीएन, जीवाय, जेएन असे सगळे अवतार एकाच रूपात आणा. हा तक्ता लावल्यावर वाघ आणि फडके थेट १ वर येतात, जाधवही. मग पट्टी ०.९४ ला नेलीत तरी खरे जोडीदार सुटत नाहीत आणि शिंदे-शेंडे बाहेर राहतात.

मात्र मूळ नावाच्या रकान्यावर हे लिहू नका. शेजारी नवा रकाना काढा. प्रमाणित रूप तुलनेसाठी, मूळ रूप पेशंटसाठी.

जुनाट टंकलेखक | सोमवार, रात्री १०:३०

पूर्णाकाठ, जुनी यादी "देवनागरीत" म्हणता ती युनिकोडमध्ये आहे की फॉन्टमध्ये? जुन्या काळातली असेल तर कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारखा जुना फॉन्ट असण्याची दाट शक्यता. तसं असेल तर तुमच्या फाइलमध्ये देवनागरी नाहीच, फक्त तसं दिसणारं रोमन आहे. सॉफ्टवेअरला ते वाचताच येणार नाही.

कन्व्हर्टर चालवल्यावर दोन गोष्टी हाताने तपासा: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. जोडाक्षर आलं की कच्चे कन्व्हर्टर इथेच घसरतात आणि वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते.

युनिकोड झाल्यावरही संपत नाही. वऱ्हाडे, कऱ्हाडे ही नावं घ्या. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहितं, कोणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक टाकून लिहितं. पडद्यावर दोन्ही सारखी, आत वेगळी. एनएफसी नावाचं युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी ती एक होत नाहीत. आणि इथे एक सापळा आहे: बरेच जण "न दिसणारी अक्षरं काढून टाका" असा सरसकट नियम लावतात. मग वऱ्हाडेचा रफारवाला वर्हाडे होतो आणि ऱ वाल्याशी तो तरीही जुळत नाही. आधी "र, हलन्त, जोडक" या तिघांच्या जागी "ऱ, हलन्त" घाला, नंतरच उरलेले जोडक काढा.

तसंच ॲडव्होकेटचा ॲ. एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर चंद्र ठेवून केलेलं वेगळं. एनएफसी यांनाही एक मानत नाही, तक्त्यात तुम्हालाच घालावं लागेल. अनुस्वार आणि परसवर्णाचंही तेच: पंडित आणि पण्डित. अनुस्वाराकडे वळवा, आपल्याकडे तेच जास्त लिहितात.

पूर्णाकाठ | मंगळवार, सकाळी १०:१५

जुनाटजी, बरोबर ओळखलं, कृतिदेवच आहे. रूपांतर करून घेतो.

डबल वेलांटी, जुनी यादी देवनागरी आणि नवी रोमन. तुलना कोणत्या लिपीत करायची? नव्या नावांचं देवनागरी करून घेऊ का?

डबल वेलांटी | मंगळवार, दुपारी १:३०

उलट करा. रोमन टी म्हणजे त की ट, डी म्हणजे द की ड, एन म्हणजे न की ण, एल म्हणजे ल की ळ, हे मशीनला कळणार नाही, ते अंदाज ठोकेल. देवनागरीतून रोमनकडे जाताना माहिती कमी होते, पण खोटी माहिती तयार होत नाही. जुन्या यादीचं रोमन करा आणि मग दोन्हींना तोच तक्ता लावा. फक्त नावाच्या शेवटच्या आणि मधल्या अ चं बघा: देशमुखचा देशमुखा व्हायला नको.

पण जुन्या यादीतल्या यादीतच दुबार शोधायचे असतील तेव्हा देवनागरीतच तुलना करा. शिंदे-शेंडे रोमनमध्ये ०.९१ येतात, देवनागरीत ०.७६. मात्रा मशीनला स्वतंत्र चिन्ह म्हणून दिसते, त्यात द-ड वेगळे, म्हणून फरक ठळक होतो. हातात देवनागरी असताना रोमनमध्ये तुलना करणं म्हणजे चष्मा काढून वाचणं.

खडीसाखर | मंगळवार, रात्री ८:५०

मी वैद्यकीय अभिलेख विभागात बरीच वर्षं काढली आहेत. तुमची सगळी चर्चा अक्षरांवर चालली आहे, थोडं माणसांबद्दलही बोलते.

प्रमाणीकरणात पहिलं काम म्हणून सगळे श्री., सौ., कु., कै., डॉ. उडवून लावतात. श्री. उडवा, हरकत नाही. पण सौ. सांगतं की ही बाई आहे आणि लग्न झालेलं आहे. कै. सांगतं की माणूस हयात नाही! ते पुसलंत आणि त्याची नोंद त्याच नावाच्या नातवाला जोडलीत तर? आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत घराघरात आहे. उपाध्या काढून वेगळ्या रकान्यात ठेवा.

नावाचा क्रमही बघा. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. मधलं नाव कुठे पूर्ण, कुठे एकच अक्षर. १ मे २०२४ पासून सरकारी कागदांत आईचं नाव आलं आहे, त्यामुळे लहान मुलांच्या नोंदींत आता चार भागही सापडतील. एकाच लांब रकान्यात नाव ठेवून फजी लावू नका. तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळा जुळवा. आणि एका अक्षराचं मधलं नाव पूर्ण नावाच्या पहिल्या अक्षराशी जुळलं तर ते "अर्धं जुळलं" धरा, "जुळलं नाही" धरू नका.

बायकांचं वेगळंच. लग्नाआधी वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. मधलंही गेलं आणि शेवटचंही गेलं. काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतात. तुमच्या सॉफ्टवेअरने आडनाव जुळलं नाही म्हणून मोठा दंड ठोकला की प्रसूतीला आलेली निम्मी बायामाणसं नव्या पेशंट ठरतील, आणि आधीच्या बाळंतपणात काय गुंतागुंत झाली ते डॉक्टरला दिसणार नाही.

आता याच्या उलट. जुळी मुलं. जन्मतारीख तीच, आडनाव तेच, वडील तेच, पत्ता तोच, मोबाइल आईचाच. नावं प्रणव आणि प्रणय. तुमच्या त्या विंकलरला विचारा किती देतो.

डबल वेलांटी | मंगळवार, रात्री ९:२०

०.९३. जाधवच्या दोन स्पेलिंगांना जेवढे दिले तेवढेच. ताई, मानलं तुम्हाला. हे उदाहरण मी आता सगळीकडे वापरणार.

खडीसाखर | मंगळवार, रात्री ९:३५

वापरा. पण एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या कागदावर जायला नको, एवढं बघा. दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर फार तर एक तपासणी पुन्हा होते. दोन माणसं एक झाली तर चुकीची ॲलर्जी, चुकीचं औषध. दोन्ही चुका सारख्या धरून आकडा ठरवू नका.

थेम्सकाठची भाकर | बुधवार, पहाटे २:१० (इथे रात्रच आहे)

इंग्लंडात याच प्रकारचं काम करते. ताईंचे दोन्ही प्रश्न, सासरचं आडनाव आणि जुळी मुलं, थ्रेशोल्डच्या पट्टीने सुटत नाहीत, कारण पट्टी सगळ्या फील्डना एकाच मापाने मोजते. इथे फेलेगी आणि सुंटर यांची १९६९ ची मांडणी कामाला येते. प्रत्येक फील्डला दोन आकडे द्यायचे. एम: खरोखर एकच माणूस असेल तर हे फील्ड जुळण्याची शक्यता किती. यू: दोन वेगळी माणसं असतील तर ते निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता किती. जुळलं तर एम भागिले यू याचा दोनच्या पायावरचा लॉगॅरिदम, हे त्या फील्डचं वजन. नाही जुळलं तर (एक वजा एम) भागिले (एक वजा यू) याचा तसाच लॉगॅरिदम.

लिंग घ्या. एम ०.९८, यू ०.५ धरू. जुळलं तर जेमतेम १ गुण. नाही जुळलं तर उणे ४.६. म्हणजे लिंग जोडी लावण्यासाठी निरुपयोगी, पण मोडण्यासाठी जबरदस्त. "तंतोतंत की फजी" या ड्रॉपडाउनमध्ये हा फरक मांडायला जागाच नाही.

जुळ्यांसाठी पहिल्या नावाला तीन-चार पायऱ्या करा: तंतोतंत, प्रमाणित रूप सारखं, फजी जवळ, वेगळं. जन्मतारीख, मोबाइल, आडनाव तिन्ही जुळूनही पहिलं नाव फक्त "फजी जवळ" असेल तर ती जोडी आपोआप एक करायची नाही, माणसाने बघायची. विवाहित बायकांसाठी आडनावाचा एम मुळातच कमी. पुरुषांचा आणि बायकांचा एम वेगळा काढा, दंड आपोआप सौम्य होतो.

तुमचं सॉफ्टवेअर हे करू देत नसेल तर स्प्लिंक बघा. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयात तयार झालं, मुक्त स्रोत आहे, पायथनमध्ये चालतं, डकडीबी या डेटाबेसच्या जोरावर साध्या लॅपटॉपवरही ८०,००० नोंदी झेपतात. यू तो यादृच्छिक जोड्यांवरून काढतो, एम स्वतः शिकतो.

रिकाम्या जागांचं कोणीच बोललं नाही. मोबाइल दोन्हीकडे कोरा असेल तर "कोरं बरोबर कोरं" म्हणून जुळलं धरणारी सॉफ्टवेअर आहेत! कोरं म्हणजे शून्य गुण, ना बक्षीस ना दंड. आणि ९९९९९९९९९९, ००००००००००, "नाही", "एनए", एक टिंब, हे सगळं आधी कोरं करा.

पूर्णाकाठ | बुधवार, सकाळी ११:००

बापा! एका खोट्या मोबाइल नंबरावर शेकडो माणसं लटकलेली आता दिसली. धन्यवाद. एक्सेलमधून आलेले काही मोबाइल ९.८२ई+०९ असेही आहेत, ते मूळ फाइलीतून परत काढावे लागतील.

जन्मतारखेचं विचारायचं राहिलं. नव्या यादीत जन्मतारीख आहे. मी तिला सगळ्यात जास्त वजन देणार होतो.

शंकासुर | बुधवार, सकाळी ११:२५

द्या की. आणि मग १ जूनला जन्मलेल्यांची गणती करा. :)

डबल वेलांटी | बुधवार, सकाळी ११:४०

शंकासुरांनी या धाग्यातला सर्वात मोलाचा प्रतिसाद दिला आहे, +१.

थेम्सकाठच्या ताईंना कदाचित नवल वाटेल. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहीत. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीत गावोगाव १ जूनवाले आहेत. दोन नोंदींत १४ नोव्हेंबर १९६८ जुळला तर तो मोठा पुरावा. १ जून १९६८ जुळला तर फक्त एवढंच कळतं की दोघांना एकाच पद्धतीने शाळेत घातलं.

थेम्सकाठची भाकर | बुधवार, दुपारी ४:३०

नवल कसलं, माझ्या सासऱ्यांचा वाढदिवस १ जूनच!

याला उपाय आहे: वारंवारतेनुसार वजन. जे मूल्य यादीत जास्त वेळा येतं त्याचं यू मोठं, म्हणून जुळल्यावर गुण कमी. स्प्लिंकमध्ये फील्डपुरतं हे चालू करता येतं. आडनावालाही लावा. पाटील जुळणं आणि एखादं विरळ आडनाव जुळणं यांना एकच गुण देणं अन्यायाचं आहे. तारखेला मात्र आणखी पायऱ्या हव्यात: तंतोतंत, दिवस-महिना अदलाबदल, फक्त वर्ष सारखं. ०५/०६ चं ०६/०५ एक्सेल कधी करून ठेवेल सांगता येत नाही.

खडीसाखर | बुधवार, रात्री ८:१५

आणि जुन्या यादीत जन्मतारीख नसेलच, वय असेल. "वय ४५". ते कोणत्या दिवशी सांगितलं होतं, त्या तारखेवरून जन्मसाल काढा, आणि दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे चालू द्या. वयस्कर माणसं वय पाचाच्या नाही तर दहाच्या पटीत सांगतात. ५० आणि ६० वाल्यांना आणखी सैल सोडा.

मालेगावकर (वाशीमचा) | बुधवार, रात्री १०:०५

पत्त्यावर कोणीच येईना म्हणून शेवटी लिहितो. माझं सदस्यनाम बघा, कंसात जिल्हा लावावा लागतो, कारण मालेगाव म्हटलं की सगळ्यांना नाशिकचं आठवतं. तुमच्या यादीत "ता. मालेगाव" असेल तर ते बहुतेक आमचं. कारंजाचंही तेच: कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्ध्यात. "लाड" हा फालतू शब्द म्हणून गाळणारं सॉफ्टवेअर मी पाहिलं आहे.

बु. आणि खु. हे तर अजिबात गाळू नका. बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावं, दोन वेगळ्या ग्रामपंचायती असू शकतात. मु., पो., ता., जि. काढा, पण बु. आणि खु. एका ठरावीक रूपात ठेवा. बी.के. आणि के.एच. अशी रोमन रूपंही त्यातच मिळवा.

जिल्ह्यांची उपनावं ठेवावी लागतील. १ जुलै १९९८ ला वाशीम अकोल्यातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या कागदावर आमचं गाव "जि. अकोला". औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर, ही नावं तर सगळ्यांच्या तोंडावर आहेतच. अक्षरं जुळवत बसू नका. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला क्रमांक आहे. गाव, तालुका, जिल्हा यावरून तो क्रमांक शोधा आणि क्रमांकाशी क्रमांक तंतोतंत जुळवा. पिन कोडचा गावाऐवजी वापर करू नका, एका पिनखाली कितीतरी गावं असतात.

शंकासुर | गुरुवार, सकाळी ९:३०

एवढ्या कसरती करण्यापेक्षा आभा (आयुष्मान भारत आरोग्य खातं) क्रमांक घ्या ना सगळ्यांचा. १४ अंकी, विषय संपला.

खडीसाखर | गुरुवार, सकाळी ९:५५

ज्यांच्याकडे आहे आणि जे देतील त्यांचा घ्या, तो ऐच्छिक आहे. कृतिदेवच्या काळात आलेल्या पेशंटचा कुठून आणणार?

आणि पूर्णाकाठ, काहीही झालं तरी यादी कोणत्याही फुकट ऑनलाइन साधनावर चढवू नका. आरोग्याची माहिती आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचून घ्या आणि काम रुग्णालयातल्याच मशीनवर करा.

पूर्णाकाठ | शुक्रवार, सायंकाळी ६:४५

इंटरनेट नसलेल्या मशीनवरच करून राहिलो आहे, ताई. स्प्लिंक बसवलं. ३२० कोटी जोड्या टाळायला आधी गट पाडले: प्रमाणित आडनाव आणि जन्मसाल, किंवा मोबाइलचे शेवटचे १० अंक, किंवा गाव क्रमांक आणि पहिल्या नावाची तीन अक्षरं. यांतल्या एकाही गटात एकत्र आली तर ती जोडी तपासायची. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका पहिल्या गटात सुटतात, दुसऱ्या-तिसऱ्यात सापडतात.

आता अडचण वेगळी. अ आणि ब जुळतात, ब आणि क जुळतात, पण अ आणि क एकमेकांशी जुळत नाहीत. सॉफ्टवेअर तिघांना एकाच गठ्ठ्यात टाकतं.

थेम्सकाठची भाकर | शुक्रवार, रात्री ९:००

तीन किंवा त्याहून मोठे गठ्ठे वेगळे काढून बघा, तिथेच बहुतेक घोळ सापडतो. मधला ब कोण ते पाहा. बहुधा अर्धवट भरलेली नोंद असते, नुसतं नाव आणि गाव. ती कोणालाही चिकटते. अशा नोंदीला आपोआप जोडायचं नाही, माणसाकडे तपासायला पाठवायचं.

खडीसाखर | शुक्रवार, रात्री ९:२५

आणि जोडल्यावर कोणतीही नोंद पुसायची नाही. दोन्ही जुने केसपेपर क्रमांक जिवंत ठेवा, मध्ये एक तक्ता असू द्या की हे दोन म्हणजे हा एक, कोणी कधी ठरवलं त्यासकट. पेशंट जुना कागद घेऊन येतो, तो क्रमांक टाकल्यावर काही तरी उघडलं पाहिजे. आणि चुकीची जोडी लावली गेली तर सोडवता आली पाहिजे.

पूर्णाकाठ | शनिवार, सकाळी १०:४०

तो तक्ता केला. मालेगावकर, तुमच्याकडे वाशीम-अकोल्याच्या बु. आणि खु. गावांची क्रमांकांसह यादी तयार आहे का?

मालेगावकर (वाशीमचा) | शनिवार, सकाळी ११:१५

आमच्या तालुक्याची आहे, बाकीची त्या निर्देशिकेतून उतरवता येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.